मागणाऱ्याची मान

दामाजीपंतांची गोष्ट आपल्याकडे कुणाला नव्याने सांगावी लागत नाही. पंत मंगळवेढ्याचे कामदार, बेदरच्या बादशाहीचे नोकर. दुष्काळ पडला, माणसे अन्नावाचून तडफडू लागली, तेव्हा पंतांनी सरकारी कोठारे उघडली आणि ज्याला जेवढे नेता येईल तेवढे धान्य नेऊ दिले. बादशहाने त्यांना पकडून आणण्याचा हुकूम सोडला. मग पंढरीचा विठ्ठल साध्या सेवकाच्या वेषात बेदरला गेला, धान्याची किंमत मोजून दिली, रीतसर पावती घेतली आणि ती पंतांच्या पोथीत ठेवून दिसेनासा झाला. लहानपणी ही गोष्ट ऐकताना आमचे डोळे भरून येत. पावतीच्या जागी मात्र हसू येई. देवालासुद्धा पावती घेतल्यावाचून सरकारदरबारी सुटका नव्हती!

वय वाढत गेले तशी या गोष्टीतली एक अडचण मला छळू लागली. मंगळवेढ्याला दामाजी होते. शेजारच्या परगण्याचे काय? तिथला कामदार हिशेबाला चोख आणि हुकमाचा ताबेदार असेल. त्याने कोठाराला कुलूप घालून किल्ली कमरेला खोचली असेल. त्याच दुष्काळात, तेवढ्याच भुकेने तिथली माणसे मेली असतील. आणि त्या कामदाराकडे कुणाला बोटही दाखवता आले नसेल, कारण त्याने कुणाचा हक्क बुडवला नव्हता. त्याने फक्त दया केली नव्हती, आणि दया न करणे हा कुठल्याच राज्यात गुन्हा नसतो.

तर मग जगण्यापुरते अन्न आणि ते मिळवण्यापुरते काम, ही देणाऱ्याच्या मनाची गोष्ट समजावी की मागणाऱ्याच्या हक्काची? चकली-करंजीच्या ताटाशेजारी हा विषय थोडा कोरडा वाटेल, हे मी जाणतो. परंतु या प्रश्नाला एक ठोस उत्तर आपल्या महाराष्ट्राने दिले आहे, आणि ते ज्यांना सुचले ते गृहस्थ आज जवळजवळ विस्मरणात गेले आहेत. त्यांच्याविषयी चार शब्द लिहावेत म्हणून हा प्रपंच.

त्यांचे नाव विठ्ठल सखाराम पागे. जन्म १९१० सालचा. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातले विसापूर हे त्यांचे गाव. शिक्षणाने वकील, स्वातंत्र्याच्या चळवळीत पडलेले, गांधीविचारात मुरलेले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि त्याच वर्षी पागे विधान परिषदेचे सभापती झाले. १९७८ पर्यंत, म्हणजे १८ वर्षे, ते त्या आसनावर होते. नव्या राज्याच्या पहिल्या पिढीतल्या पुढाऱ्यांची नावे वर्गात विचारली, तर मुले यशवंतराव चव्हाणांचे नाव चटकन सांगतात. वसंतराव नाईकांचे नाव तर आमच्या सेनगावच्या तांड्या-तांड्यांवर ठाऊक आहे. पुसद आम्हांला काही लांब नाही. पागे म्हटले की वर्ग गप्प होतो.

याचे एक कारण त्यांच्या पदातच असावे. सभापतीचे काम मोठे चमत्कारिक आहे. बोलणाऱ्यांच्या सभेत बसायचे, पण स्वतः चर्चेत पडायचे नाही. बाकीच्यांनी भांडायचे आणि याने दोघांनाही बोलायला वेळ द्यायची. मतेसुद्धा समसमान पडली तरच याचे मत विचारले जाते. ज्याला टाळ्या हव्यात त्याने या आसनाकडे फिरकू नये. परंतु गप्प बसणाऱ्याला एक लाभ होतो, त्याला ऐकू येते. पाऊस नाही, कामे नाहीत, गावे ओस पडताहेत, हे गाऱ्हाणे त्या १८ वर्षांत पागे यांच्या कानांवर किती वेळा आले असेल, त्याचा हिशेब कोण ठेवणार?

तासगावची द्राक्षे आज सर्वत्र नावाजलेली आहेत. पण त्या काळी त्या तालुक्याचा बराच भाग कोरडवाहू. सुगी संपली की शेतमजुराचे हात रिकामे. दुसरीकडे जमिनीला बांध नाहीत, ओढ्याला अडवण नाही, विहिरींना पाणी नाही, गावाला रस्ता नाही. एका अंगाला न झालेली कामे पडून आहेत आणि दुसऱ्या अंगाला न वापरलेले हात. या दोहोंची गाठ घालून देण्यास लागते ती केवळ मजुरीची रक्कम. पागे यांच्या योजनेचा गाभा एवढाच होता, आणि तो इतका साधा होता की विद्वानांच्या नजरेतून सुटून जावा. त्यांनी तो मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या गळी उतरवला. तासगाव तालुक्यातल्या काही गावांत प्रयोग झाला आणि १९७२ साली ही रोजगार हमी योजना राज्यभर न्यायचे ठरले.

त्याच वर्षी पाऊस रुसला. बहात्तरचा दुष्काळ हा शब्द आमच्या भागात अजून कालमापनाला वापरतात. अमका त्याच्या आधी जन्मला, तमकीचे लग्न त्याच्यानंतर झाले. सरकारने ठिकठिकाणी दुष्काळी कामे काढली. १९७३ च्या उन्हाळ्यात त्या कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. त्यापूर्वीच्या, १९७१ च्या शिरगणतीत राज्याची लोकसंख्या ५ कोटींच्या घरात होती. म्हणजे म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि तान्ह्या लेकरांना धरूनही दहांत एक माणूस माती वाहत होता किंवा खडी फोडत होता.

सेनगाव त्या वेळी परभणी जिल्ह्यात होते; हिंगोली जिल्हा व्हायला १९९९ साल उजाडावे लागले. आमच्या बाजूच्या एका खेड्यात त्या कामांवर राबलेली एक आजी आहे. तरणीताठी असताना तिने पाझर तलावाची माती डोक्यावरून वाहिली. मी कादंबऱ्या लिहितो हे तिला ठाऊक आहे. त्यामुळे मी विचारू लागलो की ती सावध होते. एकदा मी सहज म्हणालो, "आजी, सरकारनं त्या साली लोकांना जगवलं म्हणायचं." ती फटकन म्हणाली, "सरकारनं कशाचं जगवलं, गुर्जी? सुकडी दिली, मिलो दिला, ते खरं. पर फुकट न्हाई खाल्लं आम्ही. माती वाहिली, मंग पैसं घेतलं. त्यो तलाव काय सरकारच्या बापानं खांदला का?"

या बाईला अक्षरओळख नाही. परंतु देणगी आणि मोबदला यांतला फरक तिने जितक्या नेमकेपणाने सांगितला, तितका मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही. पन्नास वर्षांनंतर तिला आठवते ती भूक नव्हे. आपण कुणाचे मिंधे झालो नाही, हे तिला आठवते.

तथापि दुष्काळी काम आणि हमीचे काम यांत एक मोठे अंतर आहे, आणि पागे यांचे खरे मोठेपण त्या अंतरात आहे. दुष्काळी काम सरकारला वाटेल तेव्हा निघते. आधी कुणीतरी पाहणी करायची, दुष्काळ आहे असे कागदावर मान्य करायचे, मग कामे काढायची. आणि तिजोरीला ओझे झाले की बंद करायची. १८७६-७७ च्या दुष्काळात इंग्रज सरकारनेही कामे काढली होती. मग खर्च वाढला म्हणून सर रिचर्ड टेंपल यांच्या सल्ल्याने मजुरी खाली आणली, ती दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर थोडे पैसे एवढ्यावर. मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. पण अर्जविनंत्यांपलीकडे त्या मजुरांच्या हातात काय होते? किल्ली कामदाराच्याच कमरेला होती.

पागे यांनी ही दिशाच उलटी केली. हमीचे काम सुरू होते ते मजुराने मागितले म्हणून. दुष्काळ आहे की नाही, हे ठरवायला साहेबाने यायची गरज नाही. मजुराने अर्ज द्यावा की मला काम हवे. त्या अर्जाची तारखेसह पोच घ्यावी. १५ दिवसांत काम मिळाले नाही, तर सरकारने त्याला बेकारभत्ता द्यावा. हा भत्ता सुरुवातीला दिवसाला एक रुपया होता. रुपया ही काही रक्कम नव्हे. परंतु त्या रुपयाने एक गोष्ट लेखी कबूल केली होती, ती ही की काम न मिळाल्यास चूक सरकारची. दामाजीच्या गोष्टीत पावती होती ती बादशहाचे पैसे पोचल्याची. इथे पावती भुकेल्याच्या हातात आली.

आणि किंमत कोण मोजणार? दर दुष्काळात विठ्ठल बेदरला जाईल, या भरवशावर राज्य चालत नाही. १९७५ साली यासाठी व्यवसाय कर बसवण्यात आला. नोकरदार, वकील, डॉक्टर, दुकानदार यांनी तो भरावा आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालावी, अशी ही व्यवस्था. आज आम्हां शिक्षकांच्या पगारपत्रकात हा कर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, मिळून वर्षाला २,५०० दिसतो. शिक्षकांच्या खोलीत यावर कुरकुर होते. कपात दिसते, पण ती कुठल्या ओढ्यावरच्या बांधासाठी प्रथम बसली हे कुणी सांगत नाही. सांगितले असते तर कुरकुर थांबली असती असे नाही. पण निदान कुरकुरणाऱ्याला आपण कशाबद्दल कुरकुरतो आहोत हे कळले असते.

१९७७ साली रोजगार हमीचा कायदा दोन्ही सभागृहांनी एकमताने मंजूर केला. त्या वेळी परिषदेचे सभापतिपद पागे यांच्याकडेच होते. २६ जानेवारी १९७९ पासून कायदा अमलात आला. या अवधीत वसंतराव नाईक, शंकरराव चव्हाण, वसंतदादा पाटील आणि शरद पवार असे चार मुख्यमंत्री झाले. माणसे बदलली, पक्ष फुटले, सरकारे पडली. एकाने बसवलेली विटेवरची वीट दुसऱ्याने काढली नाही. राजकारणाला आपण रोज नावे ठेवतो. तशी ठेवताना ही चार-पाच वर्षेही आठवावीत.

आता आक्षेप. पहिला आक्षेप असा की, मागेल त्याला काम दिले की लोक आळशी होतात. हा आक्षेप घेणाऱ्याने वैशाख महिन्यात दुपारी बारा वाजता खडी फोडणाऱ्याच्या शेजारी अर्धा तास उभे राहावे, मग बोलावे. घरी बरे काम असलेला माणूस या कामावर येतच नाही. गरजू कोण हे ठरवायला वेगळा कारकून लागत नाही, ते ऊनच ठरवते. इंग्लंडात १८३४ च्या कायद्याने गरिबाला मदत हवी असेल तर त्याने घरदार सोडून कोंडवाड्यासारख्या श्रमगृहात भरती व्हावे, असे ठरवले होते. लाज वाटावी म्हणजे कुणी मागणार नाही, हा हेतू. पागे यांच्या योजनेत कष्ट होते, परंतु अपमान नव्हता. संध्याकाळी मजूर आपल्याच घरी परतत होता, आणि एकाच कामाला बाईला व गड्याला मजुरी सारखी होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हक्क जाहीर करणे सोपे, पुरा करणे कठीण. फ्रान्समध्ये १८४८ च्या क्रांतीनंतर कामाचा हक्क जाहीर झाला, पॅरिसमध्ये राष्ट्रीय कारखाने निघाले. चार महिन्यांतच ते बंद करायची वेळ आली आणि रस्त्यांवर रक्त सांडले. अमेरिकेत रूझवेल्ट यांनी १९३५ पासून आठ वर्षांत सुमारे ८५ लाख लोकांना सरकारी कामांवर घेतले. पण ती संकटकाळची व्यवस्था होती, हक्क नव्हता, आणि युद्धाने नोकऱ्या आणल्यावर ती मिटली. आपल्या राज्यघटनेनेही ४१ व्या कलमात कामाच्या हक्काचा उल्लेख केला तो 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' अशा अर्थाच्या शब्दांची कड घेऊन; आणि ते कलम मार्गदर्शक तत्त्वांत घातल्यामुळे त्यासाठी कोर्टाची पायरी चढता येत नाही. पागे यांचे व्यवहारज्ञान असे की, त्यांनी जगातल्या सर्व बेकारांना सर्व प्रकारचे काम देऊ, असे म्हटले नाही. खेड्यातल्या माणसाला अंगमेहनतीचे काम, ठरावीक मजुरीवर. आणि त्यासाठी अमुक कर. मोठे वचन देण्यापेक्षा पाळता येईल तेवढे वचन देणे नीतीच्या दृष्टीने वरचे आहे, असे मला वाटते.

तिसरा आक्षेप मी स्वतःच घेतो, कारण तो मला माझ्या वर्गाच्या खिडकीतून दिसतो. दसरा झाला की आमच्या तालुक्यात ऊसतोडीच्या टोळ्यांची हालचाल सुरू होते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. कित्येक घरांत दिवाळीच्या पणतीत तेल त्या उचलीचे असते. मग ट्रक येतो. कोयते, चूल, गोधड्या, कोंबड्या आणि लेकरे त्यात चढतात आणि दिवाळीची सुटी संपून शाळा भरते तेव्हा बाकावर जागा रिकाम्या असतात. हमीचा कायदा होऊन इतकी वर्षे लोटली, तर मग हे का? कधी काम वेळेवर निघत नाही, कधी मजुरी हातात पडायला उशीर लागतो, कधी हजेरीपटावर जी नावे असतात ती माणसे कामावर नसतात आणि जी कामावर असतात त्यांची नावे नसतात. उचल रोख मिळते, हक्क अर्जावर मिळतो. पोटाला अर्ज समजत नाही.

मग दामाजी परवडले, असे म्हणावे काय? मी पुष्कळ विचार केला आणि माझे उत्तर नाही असेच येते. दामाजीने कोठार उघडले नसते तर भुकेल्याला गप्प मरावे लागले असते. रागावण्याचाही अधिकार त्याला नव्हता. कायदा जेव्हा पाळला जात नाही तेव्हा निदान कुणीतरी तो मोडला आहे, असे म्हणता येते. तारीख दाखवता येते, पावती पुढे करता येते. आज आपण या योजनेच्या नावाने जी ओरड करतो, ती ओरडही पागे यांनीच आपल्याला मिळवून दिली आहे. दयेविषयी तक्रार करता येत नाही.

याचा अर्थ दया निरुपयोगी ठरली, असा मात्र नाही. पागे यांच्या मनात दुसऱ्याच्या रिकाम्या हातांविषयी कळवळा नसता, तर कायद्याचे पहिले अक्षरही लिहिले गेले नसते. आणि अर्ज घेणारा माणूस कोरडा असेल, तर उत्तमातला उत्तम कायदा टेबलाच्या खणात झोपतो. परंतु दयाळू माणसाची अखेरची परीक्षा ही की, आपण नसताना काय होईल याची तजवीज त्याने केली की नाही. दामाजी गेले आणि त्यांची आठवण राहिली. पागे १९९० साली गेले. त्यांचे नाव मागे पडले आणि त्यांची व्यवस्था पुढे गेली. २००५ साली देशाच्या संसदेने ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवस कामाची हमी देणारा कायदा केला, तो महाराष्ट्राचा हा अनुभव समोर ठेवून. फेब्रुवारी २००६ मध्ये तो ज्या पहिल्या २०० जिल्ह्यांत लागू झाला, त्यांत आमचा हिंगोली होता. २०२५ च्या अखेरीस संसदेने त्या जागी दुसरा कायदा आणला आणि दिवसांचा आकडा १२५ केला. कायद्यांची नावे आणि आकडे यापुढेही बदलतील. विसापूरच्या एका वकिलाने विचारलेला प्रश्न बदलत नाही: काम मागायला आलेल्या माणसाने मान खाली घालून यावे की वर करून?

गेल्या वर्षी सातवीच्या वर्गात अर्जलेखनाचा पाठ होता. आजारपणाच्या रजेचा अर्ज मुलांना तोंडपाठ असतो, म्हणून मी ग्रामपंचायतीकडे काम मागण्याचा अर्ज घातला. मुलांनी ठरलेल्या साच्यात तो लिहिला: मेहेरबान साहेब, आम्ही गरीब आहोत, आपण दया करून काम द्यावे, आपले उपकार आम्ही जन्मभर विसरणार नाही. एका मुलीची वही कोरी होती. तिचे आईवडील दरसाल कारखान्यावर जातात. ती आजीजवळ राहते. मी विचारले, "का गं, लिहिलं नाहीस?" ती उभी राहून म्हणाली, "गुरुजी, तुम्ही म्हणाले की काम हे हक्काचं असतं. मग उपकार कसे लिहू?"

वर्ग माझ्याकडे पाहू लागला. मी तिला सांगितले की 'विनंती' हा शब्द राहू दे. तो सभ्यतेचा आहे, दोन बरोबरीची माणसेही तो एकमेकांना लिहितात. 'दया' आणि 'उपकार' गाळ. तारीख घाल. आणि शेवटी लिही: या अर्जाची पोच मिळावी. तिने खाली बसून अर्ज लिहिला. चार ओळींचा झाला. तो मी घडी करून तिच्याच हातात दिला आणि सांगितले, "घरी ने, आजीला वाचून दाखव."